दोषाचे आच्छादन आणि दोषाचे निरसन

दोष झाकल्याने तो नाहीसा होतो काय? हा प्रश्न विचारला असता 'होत नाही' असे उत्तर लहान मूलही देईल. परंतु उत्तर ठाऊक असणे निराळे आणि त्या उत्तराला अनुसरून हात चालणे निराळे. प्रसंग आला म्हणजे जाणती माणसेही झाकण्याच्याच बाजूस झुकतात. आणि त्यासाठी जी कारणे ती पुढे करतात ती अगदीच टाकाऊ असतात असेही नाही. म्हणून त्या कारणांचा एकदा नीट विचार करावा असे वाटले. त्याला निमित्त झाली ती एक जुनी जीपगाडी.

माझ्या भगिनीचे घर कोकणात, समुद्रापासून कोसभर अंतरावर आहे. तिच्या यजमानांनी घेतलेली १९७८ सालची एक जीप मांगराच्या आडोशाला कित्येक वर्षे उभी होती. या गाडीची जात मूळची रणांगणावरची. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेतील विलीस आणि फोर्ड या दोन कारखान्यांनी मिळून अशा सहा लाखांहून अधिक गाड्या बांधल्या; पुढे भारत स्वतंत्र झाल्यावर महिंद्र कंपनीने मुंबईस त्यांची जुळणी सुरू केली. जेथे सडक संपते तेथेही ती चालते, या एका गुणामुळे ती वनखात्यापासून घाटातल्या वाड्यांपर्यंत सर्वत्र पोचली. यजमान निवर्तल्यावर माझ्या भाच्याने ती पुन्हा चालती करण्याचे मनात घेतले. त्याचे वय बावीस; वेल्डिंगचे काम तो नुकताच शिकू लागला होता.

यंत्र थोड्या खटपटीने सुरू झाले. खरा प्रश्न होता तो पत्र्याचा. लोखंडास पाणी आणि हवेतील प्राणवायू ही दोन्ही मिळाली म्हणजे गंज चढतो, आणि समुद्राकडील खारट हवा ही क्रिया पुष्कळच जलद करते. अॅल्युमिनियमवर जो थर जमतो तो घट्ट असल्यामुळे खालच्या धातूचे रक्षणच करतो. गंजाचे तसे नाही. तो सच्छिद्र असतो, ओल धरून ठेवतो आणि आतल्या लोखंडास खातच जातो. शिवाय तो मूळ लोखंडाहून अधिक जागा व्यापतो. म्हणून रंगाला फोड येतात. पत्रा जेथे दुमडलेला असतो, जेथे दोन पत्रे एकमेकांवर बसलेले असतात, जेथे चाकाने उडविलेला चिखल साचतो, तेथे आतल्या बाजूने गंजाचा आरंभ होतो. अर्थात बाहेरून दिसणारा फोड हा रोगाचा प्रारंभ नसून बहुधा त्याची परिणती असते.

भाच्याने एक लोहचुंबक घेतला आणि तो पत्र्यावरून फिरवीत चालला. पायरीपाशी चुंबक चिकटेना. वरून रंग गुळगुळीत होता. पण खाली लोखंडच नव्हते. छिन्नी लावताच रंगासकट हातभर लांबी निघून आली. (खळगे भरण्याच्या लुकणाला कारागीर 'लांबी' म्हणतात.) आत तारेची जाळी आणि तिच्यावर घडी करून कोंबलेला वर्तमानपत्राचा कागद! पूर्वी कोणीतरी ही 'दुरुस्ती' करून तिचे पैसे घेतले होते.

याच सुमारास त्या गाडीस गिऱ्हाईक आले. बारा दिवसांत गाडी दिसायला नीटनेटकी झाली तर घसघशीत किंमत देण्याची त्याची तयारी होती. घरास पैशांची निकड होती, हे येथे सांगितले पाहिजे. नाहीतर प्रश्नाचे गांभीर्य ध्यानात यावयाचे नाही. रंगारी म्हणाला, "चार दिवसांत लांबी भरून रंग मारून देतो." भाचा माझ्याकडे येऊन म्हणाला, "मामा, मी कोणाशी खोटे बोलणार नाही. तो विचारणार नाही आणि मी सांगणार नाही. यात असत्य कोठे आले?"

त्याच्या बोलण्यात तीन पूर्वपक्ष दडलेले होते. त्यांचा क्रमाने विचार करू.

पहिला पक्ष असा : झाकणे हेच जर असत्य असेल तर रंग देणे हेही असत्यच म्हणावे लागेल, कारण रंगही पत्र्यास झाकतोच. यावर उत्तर असे की झाकणे ही क्रिया एकच दिसली तरी तिचे प्रयोजन दोन प्रकारचे असते. निरोगी पत्र्यावर दिलेला रंग त्यास हवा-पाण्यापासून वाचवितो. तो त्याचे संरक्षण होय. गंजलेल्या पत्र्यावर दिलेला रंग पत्र्याचे रक्षण करीत नाही. तो पाहणाऱ्याच्या दृष्टीस अडवितो. ते आच्छादन होय. लांबीलाही हाच न्याय लागू आहे. चांगल्या पत्र्यावरील किंचित् खळगा भरून पृष्ठ समतल करणे यात कसलाही दोष नाही. तीच लांबी भोकावर लोखंडाच्या जागी बसविली की ती लबाडी ठरते. तेव्हा वस्तूत पाप नाही. ती कशाच्या जागी उभी केली आहे, यावर सर्व अवलंबून आहे.

दुसरा पक्ष व्यवहाराचा आहे : गाडी जुनी, तिचे आयुष्य ते किती उरले? झाकलेला दोष आणखी दोन-चार वर्षे झाकलेलाच राहील. मग कोणाचे काय बिघडले? येथे वस्तुस्थितीच चुकीची गृहीत धरली आहे. झाकल्याने दोष आहे तेथेच थांबला असता, तर या युक्तिवादास काही जोर आला असता. परंतु लांबीच्या मागे ओल अडकून राहते आणि गंज पूर्वीसारखाच, कित्येकदा पूर्वीपेक्षा अधिक वेगाने, वाढतो. भेद इतकाच की आता तो कोणास दिसत नाही. उघडा दोष निदान पाहणाऱ्यास सावध करतो; झाकलेला दोष ज्याच्यापासून लपविला त्याच्याच पायाखाली वाढतो. त्या पायरीवर उद्या एखादी लेकुरवाळी बाई विश्वासाने पाय ठेवील. विश्वास ठेवणाऱ्याने प्रश्न विचारला नाही, म्हणून आपले मौन निर्दोष ठरत नाही. ज्या समजुतीवर तो पैसे मोजतो ती समजूत आपणच रंगवून उभी केली असेल, तर बोलणे आपल्या जिभेचे नसले तरी आपल्या हाताचे असतेच.

तिसरा पक्ष मला सर्वांत बलवान् वाटतो, कारण तो नम्रतेच्या वेषात येतो. भाचा म्हणाला, "मामा, मी तर शिकाऊ. मी कापायला गेलो आणि आहे तेही बिघडविले तर?" शिकाऊ माणसाची ही भीती खोटी नव्हे. गाडीचा पत्रा जेमतेम एक-सव्वा मिलिमीटर जाडीचा. लोखंड सुमारे दीड हजार अंशांवर वितळते, आणि वेल्डिंगच्या ठिणगीची उष्णता त्याहून कितीतरी अधिक. हात एका जागी क्षणभर रेंगाळला की पत्र्यास भोक पडते. घाईने पुढे सरकला तर वितळलेली तार नुसती वर बसते, पत्र्याशी एकजीव होत नाही. सलग सांधत गेले तर तापून पत्राच वेडावाकडा होतो. म्हणून अंतराअंतराने, कधी या टोकास कधी त्या टोकास, एकेक टाका घालून मधे निवू द्यावे लागते. काळ्या काचेवाचून तो प्रकाश पाहिला तर काही तासांनी डोळ्यांत वाळू गेल्यासारखी आग होते. पेट्रोलची टाकी जवळ असेल तर प्राणाशीच गाठ.

परंतु या भीतीतून निघणारा निष्कर्ष 'म्हणून झाकावे' असा नाही. 'म्हणून आधी शिकावे, आणि जेथे अधिकार नाही तेथे अधिकारी पुरुषास बोलवावे' असा तो आहे. आपल्या परंपरेत 'कुशल' या शब्दाची व्युत्पत्ती कुश, म्हणजे दर्भ, आणणारा अशी सांगितली आहे. मम्मटाने काव्यप्रकाशात रूढ लक्षणेचे उदाहरण म्हणून हाच शब्द घेतला. दर्भाचे पाते धारदार असते. हात न कापता ते खुडण्यास सावधपणा लागतो. त्या सावधपणावरूनच शब्दाचा अर्थ पुढे सर्व कर्मांतील नैपुण्यापर्यंत पसरला. म्हणजे कौशल्याच्या मुळाशी आहे ते धारेचे भान. ज्यास हे भान आहे तो शिकाऊ असला तरी कौशल्याच्या वाटेवर आहे. ज्यास ते नाही तो मुरलेला असूनही वाट चुकला आहे.

गावातील एका वृद्ध मिस्त्रीने भाच्यास जो पाठ दिला तो मी स्वतः पाहिला. त्याने रद्दी पत्र्याचे दोन तुकडे सांधावयास लावले. सांधा दिसायला सुरेख उतरला. मुलगा हरखला. मिस्त्रीने तो शेगड्यात धरून हातोड्याचे दोन घाव घातले. तुकडे अलग झाले. "वरून शोभला, आत गेलाच नाही," इतकेच तो म्हणाला. त्यानंतर भाचा रोज दहा-वीस सांधे करी आणि स्वतःच्याच हाताने मोडून पाही. जो सांधा सोडण्याऐवजी शेजारचा पत्रा फाटू लागला, तो पहिला सांधा ओबडधोबड होता; पण त्या दिवशी मिस्त्रीने त्यास गाडीस हात लावू दिला. तोही पायरी आणि मागील बाजू एवढ्यापुरताच. सर्व भार वाहणारी चॅसी मिस्त्रीने स्वतःकडे ठेवली.

आता माझी गोष्ट. मी संस्कृत ग्रंथांची भाषांतरे करून उपजीविका करतो. काही वर्षांपूर्वी एका ग्रंथात दोन ओळींचा पाठ भ्रष्ट होता, अन्वय लागेना. मुदत जवळ आली होती. मी संदर्भास शोभेल असे एक प्रवाही वाक्य तेथे घातले आणि पुढे गेलो. कोणी विचारले नाही, मी सांगितले नाही. दोन वर्षांनी एका विद्यार्थ्याचे पत्र आले. मूळ ग्रंथकाराचे मत म्हणून त्याने नेमके तेच वाक्य उद्धृत केले होते आणि त्यावर आपला सारा प्रबंध उभारला होता. मी भरलेली लांबी लोखंड समजून त्याने तिच्यावर भार टाकला होता. मी त्यास त्या वेळी गोलमाल उत्तर पाठविले. भाच्याच्या प्रश्नास उत्तर देताना ते पत्र मला आठवत होते, आणि म्हणून माझा आवाज हवा तितका खंबीर नव्हता.

भाच्याने गिऱ्हाइकास पायरीचे भोक दाखविले. गिऱ्हाईक परत गेले. त्या वर्षी घरात ओढाताण झाली. सत्याचे फळ तत्काळ गोड लागते असे मी लिहिणार नाही. भाच्याने सडलेला पत्रा चकचकीत धातू लागेपर्यंत मागे मागे कापला. भोक बोटभर दिसत होते, ते कापता कापता वीतभर झाले. आजाऱ्यास बरे करताना जखम मोठी करावी लागते, तसेच ते होते. नवे ठिगळ बसवून, सांधे बुजवून, आतून मेणाचा हात देऊन मग त्याने रंग दिला. आतल्या बाजूचे टाके मात्र त्याने घासून सपाट केले नाहीत. "घासले तर शोभेल, पण सांधा पातळ होईल," तो म्हणाला. "शिवाय पुढे कोणी उघडले तर येथे काम झाले आहे हे त्याला कळू दे."

त्या ग्रंथाची दुसरी आवृत्ती निघाली तेव्हा मी ते प्रवाही वाक्य काढून टाकले. त्या जागी आता काही टिंबे आहेत आणि तळाशी टीप : 'येथील पाठ भ्रष्ट असून अर्थ लागत नाही.' पान थोडे कुरूप दिसते. त्या विद्यार्थ्यासही उशिराने खरे उत्तर लिहिले. त्याचे प्रत्युत्तर अद्याप आलेले नाही. ते यावे असा हक्क सांगण्याच्या स्थितीत मी नाही.