शिक्षकाचें वेतन आणि मुलाचे दिवस

इ. स. 2023 च्या मार्च महिन्यांत, दहावीची परीक्षा चालू असतां, महाराष्ट्रांतील सरकारी नोकर व शिक्षक जुन्या निवृत्तिवेतनासाठीं संपावर गेले. तारीख 14 पासून 20 पर्यंत तो संप चालला. शिकविणें हें जर पवित्र काम, तर तें पत्करिलेल्यानें पैशासाठीं फळा सोडून उठावें काय, हा प्रश्न मिरजगावासारख्या गांवीं अद्यापि निघतो.

प्रश्नांतच एक खोड आहे, ती आधीं पाहूं. पवित्र हा शब्द पुष्कळदां थोडें मोल देण्याची सबब होतो. आमच्या वाचकांपैकीं ज्यांनीं दिवसा मुलें शिकवून सायंकाळीं उपासना चालविली आहे, त्यांस हें सांगावयास नको. इ. स. 1882 सालीं जोतीराव फुले यांनीं हंटर कमिशनापुढें दोन गोष्टी मांडिल्या: सरकारचा वसूल रयतेच्या घामांतून येतो आणि खर्च वरच्या वर्गांच्या उच्च शिक्षणावर होतो; तसेंच प्राथमिक शिक्षकास दरमहा 12 रुपयांहून, व मोठ्या गांवीं 15 किंवा 20 हून, कमी पगार नसावा. रयतेच्या पैशाचा कैवारी मास्तरांचा पगार वाढवा म्हणतो, ह्यांत त्यांस विसंगति दिसली नाहीं. आम्हांसही दिसत नाहीं. भिंती रंगविल्या आणि आंत शिकविणारा नसला तर ती शाळा कसली?

म्हणून शिक्षणाचा पैसा पगारांतच जातो हें गाऱ्हाणें आम्ही अर्धेंच मानितों. पटावर 30 पर्यंत मुलें असलेल्या शाळेस समग्र शिक्षा योजनेनें वर्षास 10,000 रुपये अनुदान ठरविलें. तें तोकडें खरें, पण म्हणून तें पगार कापून वाढवावें काय? राष्ट्रीय उत्पन्नाचे शेंकडा 6 शिक्षणास द्यावे असें कोठारी आयोगानें 1966 सालीं सांगितलें. देश तेथवर पोंचला नाहीं. खरी तूट तेथें आहे.

प्राथमिक शिक्षकास संघावांचून दुसरा आधारही थोडा. विधानपरिषदेंत शिक्षकांच्या 7 जागा आहेत, आपला जिल्हा नाशिक मतदारसंघांत येतो. परंतु मत माध्यमिक व त्यावरील शिक्षकांसच. पहिलीच्या मुलाचा हात धरून अक्षर गिरविणाऱ्यास तेथें मत नाहीं. (हा राज्यघटनेचाच नियम, संघाचा दोष नव्हे.)

मग संघास कांहींच विचारावयाचें नाहीं काय? विचारावयाचें आहे. 1 नोव्हेंबर 2005 पासून लागलेल्यांस जुनें निवृत्तिवेतन नाहीं, हें त्यांस बोंचतें व तें स्वाभाविक आहे. परंतु त्यांच्याहूनही धाकटा शिक्षणसेवक आहे. प्राथमिक शाळेंत त्याचें मानधन कित्येक वर्षें दरमहा 6,000 रुपये होतें. 2023 च्या जानेवारीपासून 16,000 झालें. 6,000 रुपयांत परगांवीं खोली घेऊन कोणी कसें राहावें? जो संघ ह्या धाकट्यासाठीं आपल्या म्हातारपणाइतक्याच जोरानें भांडेल, त्याचा संप आम्हांस समजेल.

आणि मुलाचे दिवस? ऊसतोडीस जाणाऱ्या आईबापांबरोबर जें मूल आधींच महिनोन्महिने शाळेस अंतरतें, त्याचे सात दिवस कोणाच्या खातीं मांडावे? संप करणाऱ्यानें ते आपल्या सुटींतून, परिपत्रकाची वाट न पाहतां, फेडावे असें आमचें मत आहे. हें मागण्याचा अधिकार गांवासही आहे. 2009 च्या शिक्षणहक्क कायद्यानें शाळा व्यवस्थापन समितींत तीन चतुर्थांश सभासद आईबापच असावे असें ठरविलें. पुढच्या सभेस जाऊन त्या 10,000 रुपयांची वही आणि बुडालेल्या दिवसांची यादी, दोन्ही एकाच वेळीं मागावीं.