लेखी आश्वासन

मोर्चा खिडकीतून पाहणे आणि मोर्चातून खिडक्या पाहणे, या दोन्ही गोष्टी ज्याच्या वाट्याला आल्या, तो आंदोलनांविषयी फार ठाम बोलत नाही.

खिडकीतल्या माणसाला रस्ता अडलेला दिसतो. रस्त्यावरच्या माणसाचे काम त्याआधी कित्येक वर्षे अडलेले असते. अडणे दोघांचेही खरे. बातमी पहिल्याची होते.

लोकशाहीत मते मोजतात. कळ मोजण्याची सोय मतपेटीत नाही. ज्याची जमीन धरणात जाणार त्याचे एक मत, आणि त्या धरणाचे पाणी ज्याच्या नळाला येणार त्याचेही एकच. हा न्याय आहे, पण पुरेसा नाही. उरलेला हिशेब दोन निवडणुकांच्या मधल्या काळात रस्त्यावर मांडला जातो.

आंदोलक कायदा मोडतात, असे म्हणण्याची रीत आहे. जुने दाखले चाळले, तर बरेचदा ते कायदा पाळा एवढेच म्हणत आलेले दिसतात.

सार्वजनिक पाणवठे अस्पृश्य मानलेल्यांना खुले करावेत, असा ठराव मुंबईच्या कायदेमंडळाने १९२३ साली केला. महाडच्या नगरपालिकेने पुढच्याच वर्षी चवदार तळे खुले केल्याचा ठराव केला. तो कागदावर राहिला. २० मार्च १९२७ रोजी डॉ. आंबेडकर आणि त्यांच्याबरोबरची माणसे तळ्यापर्यंत चालत गेली आणि ओंजळीने पाणी प्याली. नवे काही त्यांनी मागितले नव्हते. झालेला ठराव त्यांनी अमलात आणला. त्यासाठी गावात त्यांना मार खावा लागला. ऑगस्टमध्ये नगरपालिकेने ठरावच मागे घेतला. कागदावरचे औदार्य कोणी खरे मानले, की देणाऱ्याला ते परवडत नाही.

तेव्हा राज्य परक्यांचे होते, हे खरे. तळे आपले होते.

त्या वर्षीच्या डिसेंबरात हजारो लोक पुन्हा महाडला जमले. दरम्यान न्यायालयाचा तात्पुरता मनाई हुकूम आला होता. जमलेल्यांची तुरुंगात जाण्याची तयारी होती. आंबेडकरांनी त्यांना आवरले. मिरवणूक तळ्याला वळसा घालून परतली; पाण्याला कोणी हात लावला नाही. मुंबई उच्च न्यायालयाचा निकाल १७ मार्च १९३७ रोजी त्यांच्या बाजूने लागला. संयमाला दहा वर्षे लागली. तेवढी वर्षे कोणाच्या आयुष्यातून गेली, हे निकालपत्रात लिहीत नाहीत.

हेच गृहस्थ २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत म्हणाले, की घटनात्मक मार्ग खुले असताना सत्याग्रह, असहकार, कायदेभंग यांना जागा नाही. ते अराजकाचे व्याकरण आहे. तेव्हापासून हे वाक्य प्रत्येक सरकारच्या कामी आले. वाक्यातली अट मात्र वाटेत गळून गेली. दार उघडे आहे की नाही, हे आत बसलेल्याने सांगायचे नसते.

आत बसलेलाही कधीकाळी बाहेर उभा होता. विरोधी पक्षात असताना ज्याचा घसा बसतो, सत्तेत गेल्यावर त्याच्या कानांना दडे बसतात. यात ढोंग असतेच असे नाही. जागा बदलली की माणसाला खरोखरच वेगळे ऐकू येते.

शांततेने आणि शस्त्रांविना एकत्र जमण्याचा हक्क राज्यघटनेच्या १९व्या अनुच्छेदात आहे. त्यावर वाजवी निर्बंध घालण्याचा अधिकारही तेथेच आहे. शाहीनबागेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०२० साली सांगितले, की सार्वजनिक रस्ता बेमुदत अडवून ठेवता येणार नाही. निदर्शने नेमून दिलेल्या जागी व्हावीत. रुग्णवाहिकेत बसून ज्याने वाट पाहिली आहे, त्याला हे पटते. नेमून दिलेली जागा तेवढी एकदा पाहून यावी. मुंबईत ती आझाद मैदानात आहे. तेथून मंत्रालय दिसत नाही. नागपुरात अधिवेशनाच्या दिवसांत मोर्चे विधान भवनाच्या बरेच अलीकडे अडवतात. हक्क शाबूत असतो. आवाज पोहोचत नाही.

२३ नोव्हेंबर १९९४ रोजी नागपुरात गोवारी समाजाचा मोर्चा असाच अडवलेला होता. अनुसूचित जमातीच्या सवलती मिळाव्यात, ही मागणी. कोणी मंत्री बाहेर येऊन निवेदन घेईल, या भरवशावर माणसे थांबली. लेकुरवाळ्या बाया होत्या. कोणी आले नाही. संध्याकाळी रेटारेटी झाली, लाठ्या चालल्या, चेंगराचेंगरीत ११४ जीव गेले. त्यांत बहुतेक बाया आणि मुले होती.

मागणीचा निकाल सर्वोच्च न्यायालयात २०२० साली लागला, आणि तो गोवारींच्या विरुद्ध लागला. मागणी कायद्यात न बसणारी असू शकते. चुकीचीही असू शकते. निवेदन घ्यायला कोणीतरी पायऱ्या उतरून येणे, हे मागणीच्या बरोबर असण्यावर अवलंबून नाही. आंदोलनाच्या वैधतेची चर्चा करणारे बहुधा येथेच घसरतात. ते मागणी तपासतात, आणि ती पटली नाही तर मागणाऱ्याचे उभे राहणेच बेकायदा ठरवतात.

आंदोलकांना तपासण्याजोगे एकच आहे: त्रास कोणाच्या माथी मारला. उपोषण करणारा स्वतःचे पोट जाळतो. एसटी जाळणारा, ज्यांच्या नावाने ओरडतो, त्यांचीच गाडी जाळतो. मंत्री एसटीने जात नाहीत. बंदच्या दिवशी पोट हातावर असलेल्याचा दिवस बुडतो आणि पगारदाराला सुट्टी मिळते. हे सगळे मान्य करावे. मग हेही पाहावे, की स्वतःला त्रास करून घेणाऱ्याकडे सरकार कधी वळते आणि दुसऱ्याला त्रास देणाऱ्याकडे कधी. पहिल्याकडे प्रकृती ढासळल्यावर. दुसऱ्याकडे त्याच दिवशी. काचा फोडण्याचे शिक्षण सरकार देते, शिकलेल्यांवर गुन्हे सरकार दाखल करते, आणि निवडणूक जवळ आली की ते मागेही सरकारच घेते.

६ मार्च २०१८ रोजी नाशिकहून शेतकरी आणि आदिवासी मुंबईकडे चालू लागले. अंतर सुमारे १८० किलोमीटर. मुख्य मागण्यांपैकी एक होती वनजमिनीच्या पट्ट्यांची. वनहक्काचा कायदा २००६ साली झालेला होता. म्हणजे ही माणसे संसदेने आधीच दिलेले मागायला निघाली होती. शेवटच्या टप्प्यात, सोमवारी दहावीचा पेपर होता म्हणून, ती रात्रीच शीवहून निघाली आणि पहाटेपर्यंत आझाद मैदानात पोहोचली. शहर हेलावले. लोकांनी पाणी दिले, बिस्किटे दिली, चपला दिल्या. सोललेल्या तळव्यांची छायाचित्रे घरोघर पाहिली गेली.

ज्याचा त्रास होत नाही, तो मोर्चा शहराला आवडतो. पट्टा म्हणजे काय, हे तळव्यांकडे पाहून हळहळलेल्यांपैकी किती जणांनी विचारले असेल, याची शंका आहे. करुणा स्वस्त असते. तिला सातबारा वाचावा लागत नाही.

मागण्या मान्य झाल्याचे लेखी आश्वासन मिळाले. माणसे घरी गेली. २०१९च्या फेब्रुवारीत ती त्याच वाटेवर पुन्हा आली. नाशिकजवळच पुन्हा लेखी आश्वासन मिळाले आणि मोर्चा थांबला. २०२३च्या मार्चमध्ये ती तिसऱ्यांदा निघाली. या वेळी मंत्री वाटेतच भेटायला आले. शिष्टमंडळाची मुख्यमंत्र्यांशी चर्चा झाली. विधानसभेत निवेदन झाले. मोर्चा ठाणे जिल्ह्यात वाशिंदला होता. आश्वासन हाती येऊनही तो लगेच माघारी फिरला नाही. अंमलबजावणीचे आदेश खाली पोहोचतात की नाही, हे पाहत माणसे तेथेच मुक्काम ठोकून राहिली. मग उठली.