दुर्बळ बंधूचा श्वास

१९६३ साली अमेरिकेत डॉ. जेम्स हार्डी यांनी मानवावर पहिले फुप्फुस-प्रत्यारोपण केले. रुग्ण अठरा दिवस जगला. आज असे रुग्ण अनेक वर्षे जगतात. मात्र परके फुप्फुस शरीराने नाकारू नये म्हणून त्यांची प्रतिकारशक्ती जन्मभर औषधांनी दडपावी लागते. त्यामुळे आपल्याला चार दिवस शिंकावयास लावणारा विषाणू त्यांना तीव्र न्युमोनिया जडवून प्राणघातक ठरू शकतो.

मग उपासनेच्या दिवशी घरी कोणी राहावे? अशा बंधूने, की सर्दी झालेल्याने?

करिंथकरांस लिहिताना पौलाने ‘दुर्बळ’ बंधूसाठी योजलेला ग्रीक शब्द मत्तयाच्या पंचविसाव्या अध्यायात ‘आजारी’ या अर्थाने येतो. मूर्तीस वाहिलेले मांस खाण्याची मोकळीक पौल नाकारीत नाही. बंधूचा नाश होणार असेल तर ती तो आपण होऊन सोडतो. तेथे प्रश्न विवेकबुद्धीचा होता, येथे देहाचा आहे. न्याय मात्र तोच.

म्हणून खोकला असता मुखपट्टी बांधणे, सामाईक प्याल्यास ओठ न लावणे, हा विश्वासाचा अभाव नव्हे. कोणा अपरिचिताने मरणोत्तर आपले फुप्फुस दिले. आपणांकडे तर एका रविवारची सवयच मागितली आहे.