पायरीवरचा माणूस आणि कॅमेरा

काशीच्या पंचगंगा घाटाचे छायाचित्र आपण कोठे ना कोठे पाहिले असेल. उंच चढत गेलेल्या दगडी पायऱ्या, माथ्यावर औरंगजेबाच्या काळातील मशीद आणि कार्तिक महिन्यात बांबूंच्या टोकांना टांगलेले आकाशदिवे. या घाटाशी महाराष्ट्राचे जुने नाते आहे. येथील दगडी दीपमाळ अहिल्याबाई होळकरांची म्हणून सांगितली जाते, तर बिंदुमाधवाचे आजचे मंदिर औंधच्या पंतप्रतिनिधींनी बांधविले. गंगा, यमुना, सरस्वती, किरणा आणि धूतपापा या पाच नद्या येथे मिळतात अशी श्रद्धा आहे. डोळ्यांना मात्र एकटी गंगाच दिसते.

काही वर्षांपूर्वी भाषांतराच्या कामानिमित्त मी काशीस गेलो होतो. तेव्हा एका पहाटे व्यसनाधीनांमध्ये सेवा करणाऱ्या दोन कार्यकर्त्यांबरोबर या घाटावर जाण्याचा योग आला. त्यांतील एक जण स्वतः पूर्वी गर्दच्या आहारी गेलेला होता. त्यांच्या पिशवीत मलमपट्टीचे सामान, पाणी आणि बिस्किटे होती. ओळखीच्या एका मराठी कुटुंबातील तरुण छायाचित्रकारही आमच्यासोबत होता. या सेवेची चित्रमालिका करावी, अशी त्याची मनापासून इच्छा होती. एका बुरुजाच्या आडोशाला तिशीतला एक माणूस पडलेला दिसला. शेजारी जळकी पन्नी, पायाला चिघळलेली जखम. कार्यकर्ता त्याच्याजवळ बसला, त्याने त्याचे नाव विचारले आणि तो जखम धुऊ लागला. उगवतीचा प्रकाश नेमका त्या आजारी चेहऱ्यावर आला होता. तरुणाने कॅमेरा डोळ्याला लावला. कार्यकर्त्याने मान वर न करताच आपला ओला हात आडवा धरला.

परतताना तो तरुण मला म्हणाला, “काका, हे कोणी पाहिलंच नाही, तर मदत तरी कोण करणार?”

त्याचा प्रश्न पोकळ नव्हता. न्यूयॉर्कमधील गरिबांच्या अंधाऱ्या खोल्यांची जेकब रीस यांनी काढलेली छायाचित्रे १८९० साली त्यांच्या पुस्तकातून लोकांसमोर आली आणि तेथील गृहसुधारणेच्या चळवळीला बळ मिळाले. आपल्याकडे अनिल अवचट यांनी गर्दच्या विळख्याविषयी लिहिले. त्या लेखनाने पु. ल. देशपांडे अस्वस्थ झाले, त्यांनी साहाय्य देऊ केले आणि १९८६ साली डॉ. अनिता अवचट यांच्या पुढाकाराने पुण्यात मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र उभे राहिले. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या केंद्र शासनाच्या पाहणीनुसार देशात अफूवर्गीय पदार्थांचे सेवन करणारे सुमारे २ कोटी २६ लक्ष लोक होते. इतके मोठे दुःख झाकून ठेवणे हेही पापच.

मग तो ओला हात चुकला काय? याचे उत्तर देण्यापूर्वी मला माझा एक अपराध कबूल केला पाहिजे.

पुष्कळ वर्षांपूर्वी एका सेवाकार्याच्या माहितीपुस्तिकेचा मजकूर मी लिहून दिला होता. तीत एका मद्यपी गृहस्थाची दोन छायाचित्रे छापावयाची होती : एक गटाराकाठी पडलेला असतानाचे आणि दुसरे व्यसनमुक्तीनंतरचे. पहिले छायाचित्र निवडणाऱ्यांत मी होतो. “याने देणग्या येतील,” असे मीच म्हणालो होतो, आणि देणग्या आल्याही. पुढे त्या गृहस्थाच्या मुलीचे लग्न ठरत असता कोणीतरी ती पुस्तिका वराकडील मंडळींना नेऊन दाखविली. बोलणी मोडली. तो मला भेटावयास आला तेव्हा रागावला नव्हता. एवढेच म्हणाला, “साहेब, मी सोडली, पण त्या फोटोतल्या माणसानं अजून सोडली नाही.”

वाचकहो, त्या वाक्यापुढे माझी धर्मशास्त्राची पदवी निरुत्तर झाली. मनुष्य पश्चात्ताप करू शकतो, छायाचित्र करू शकत नाही. ज्या क्षणातून देवाने त्याला उचलले, त्याच क्षणात आम्ही त्याला कायमचे बसवून ठेवले होते.

आपण म्हणाल, त्याची संमती नव्हती काय? होती. पण तलफेने व्याकूळ झालेला माणूस दहा रुपयांसाठीही होकार देईल. त्या होकारात तो स्वतः कितीसा असतो? शिवाय १९८५ च्या अमली पदार्थविषयक कायद्यानुसार अशा पदार्थांचे सेवन हाही शिक्षापात्र गुन्हा आहे. हातात पन्नी धरलेले छायाचित्र उद्या त्याच्याविरुद्ध पुरावा होऊ शकते.

उत्पत्तीच्या नवव्या अध्यायात नोहा द्राक्षारस पिऊन आपल्या डेऱ्यात उघडा पडल्याचा प्रसंग आहे. हामने ते पाहिले आणि बाहेर जाऊन भावांना सांगितले. शेम आणि याफेथ यांनी खांद्यांवर वस्त्र घेतले, पाठमोरे चालत ते आत गेले आणि त्यांनी पित्याला झाकले. हा प्रसंग मी अनेकदा वाचला होता. पण एक गोष्ट उशिरा ध्यानी आली. सांगणारा बाहेर गेला, झाकणारे आत गेले. झाकणे म्हणजे लपविणे नव्हे. ज्याला झाकावयाचे आहे त्याला त्या माणसाच्या अगदी जवळ जावे लागते.

चांगल्या शोमरोन्याच्या दाखल्यातही हाच भेद आहे. मूळ ग्रीक भाषेत याजक, लेवी आणि शोमरोनी या तिघांसाठी ‘पाहून’ हा एकच शब्द योजलेला आहे. पाहण्यात तिघेही सारखेच. फरक पडतो तो पुढच्या शब्दात. शोमरोन्याविषयी जे क्रियापद येते त्याचा संबंध आतड्यांशी आहे. आपल्या भाषेत ‘आतडे पिळवटणे’ म्हणतात तसा. कळवळा आला आणि तो जवळ गेला, त्याने तेल व द्राक्षारस ओतून जखमा बांधल्या, त्याला आपल्या जनावरावर बसविले, खर्चही स्वतः केला. त्या जखमी माणसाचे नाव किंवा गाव प्रभूने आपल्याला सांगितलेले नाही.

याचा अर्थ कॅमेरा निषिद्ध असा नाही. गरसेकरांच्या प्रदेशातील भूतग्रस्त वस्त्र नेसून शुद्धीवर आला, तेव्हा प्रभूने त्यालाच घरी जाऊन आपली कथा सांगावयास पाठविले. साक्ष ज्याची त्याने द्यावी, आणि ‘नको’ म्हणण्याचे बळ अंगी आल्यावर द्यावी. जपानमधील मिनामाता येथे पारादूषणाने अपंग झालेल्या मुलीला तिची आई न्हाऊ घालत असतानाचे यूजीन स्मिथ यांचे १९७१ सालचे छायाचित्र जगभर गाजले. मुलगी पुढे वारली. तिला आता विसावा मिळावा असे आईवडिलांना वाटले, तेव्हा छायाचित्रकाराच्या मागे हक्क सांभाळणाऱ्या आयलीन स्मिथ यांनी १९९८ साली त्या चित्राविषयीचा निर्णय त्यांच्या हाती सोपविला. चित्र सत्य होते आणि उपकारकही ठरले होते. तरीही ते मागे घेण्याचा अधिकार दुःख भोगणाऱ्यांचा आहे, हे त्यांनी मानले.

त्या तरुणाने पुढे मला पत्राने कळविले की, तो आणखी आठवडाभर कॅमेऱ्याशिवाय घाटावर जात राहिला. त्याच्याकडे पिशवी उचलण्याचे काम आले होते. बुरुजाजवळच्या माणसाचे नाव त्याला आता ठाऊक होते. पत्रात मात्र त्याने ते लिहिले नव्हते.

याच पंचगंगेच्या पायऱ्यांवर कबीर पहाटेच्या अंधारात आडवे पडून राहिले होते आणि स्नानास निघालेल्या रामानंदांचा पाय त्यांना लागला, अशी आख्यायिका आहे. रामानंदांना तेव्हा काहीच दिसले नव्हते; पण पायरीवर माणूस आहे हे कळताच त्यांच्या मुखातून रामनाम निघाले.

वाचकहो, छायाचित्र काढणारा एक असतो, मागणारे अनेक. पुढच्या वेळी एखाद्या सेवाकार्याचे आवाहन आपल्या घरी येईल आणि त्यात पडलेल्या माणसाचा चेहरा नसेल, तेव्हा आपला हात खिशाकडे जाईल काय? तो जात नसेल, तर त्या माणसाचे वस्त्र दूर करणारे आपणच आहोत.