शाईचा मोबदला

मार्च 2020 मध्ये महाराष्ट्र शासनाने परदेशातून आलेल्यांच्या डाव्या हातावर निवडणुकीच्या शाईने गृहविलगीकरणाचा शिक्का मारावयास आरंभ केला, आणि शिवडीच्या आमच्या चाळीत तात्यांच्या पुतण्याचा हात साऱ्या बिऱ्हाडांच्या वाचनाचा विषय झाला. नळावर त्याच्या आईची कळशी कोणी पुढे सरकू दिली नाही. त्या 14 दिवसांची भरपाई सरकारने द्यावी, असे माझे ठाम मत आहे. तात्यांना ते मान्य नाही.

मी : साथीत शिक्का मारण्याचा अधिकार सरकारला होता असे धरले, तरी अधिकाराने केलेल्या हानीचाही मोबदला असतोच. शिवडी–न्हावाशेवा सेतूपायी ज्या मच्छीमारांची रोजी बुडाली, त्यांना नुकसानभरपाई द्यावी लागलीच ना? 2017 साली सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी एकमताने मूलभूत ठरविलेल्या खासगीपणाचे मोल मासळीहून उणे कसे?

तात्या : मासळी तोलता येते. निर्दोष सुटूनही रुदुल शाह बिहारच्या तुरुंगात 14 वर्षे खितपत पडला. 1983 साली त्याला 35,000 रुपये मिळाले. वर्षाला अडीच हजार. त्या दराने आमच्या 14 दिवसांचे शंभर रुपयेही होत नाहीत.

मी : ती रक्कम अंतरिम होती. हानी शाबीत करून अधिक मागावे.

तात्या : साक्षीला कोणाला बोलवू? कळशी अडवणाऱ्यांना? अरे, शिक्का चाळीने वाचला; फिर्याद सारी मुंबई वाचील.

या प्रश्नापाशी दोन संध्याकाळी आमचे बोलणे अडून राहिले. अखेरीस मी सुचविले की, कोणी न मागता सर्वांना सरसकट ठराविक रक्कम द्यावी.

तात्या : मग ती शिक्क्याची फी झाली. तिजोरीत पैसा असला की पुढच्या साथीत कपाळावर मारतील.

मी : 2020 मध्ये फुकटच मारले, तेव्हा तरी हात आखडला का? प्लेगच्या धामधुमीत 1897 साली झालेल्या साथरोग कायद्याचे चौथे कलम, सद्हेतूने केलेल्या कृत्याबद्दल दावाच लावू देत नाही. माझे खरे भांडण त्या कलमाशी आहे.

तात्या : भांड. पण पोराने पैसे मागितलेच नव्हते. त्याने एवढेच विचारले, की माझे नाव विलगीकरणाच्या दप्तरातून खोडले का?

मी : 2019 साली मुंबई उच्च न्यायालयाने बेकायदा टिपलेली दूरध्वनी-संभाषणे नष्ट करावयास लावली. तसा अर्ज करता येईल.

तात्या : कोणाकडे?

महापालिकेकडे, जिल्हाधिकाऱ्यांकडे, की विमानतळावरच्या आरोग्य अधिकाऱ्यांकडे, हे मला सांगता आले नाही.