परकायाप्रवेश

‘ज्याचे जळते त्यालाच कळते’ ही म्हण खरी मानली, तर आम्हा कादंबरीकारांनी लेखण्या मोडून चुलीत घालाव्यात. दुसऱ्याच्या दुःखात शिरण्याचा अधिकार मुळात कोणाला?

माझ्या एका कादंबरीत धरणाखाली घर गेलेली एक बाई आहे. ती खरीच, आमच्या गावात राहते. मुलाने तिला ते प्रकरण वाचून दाखवले. वाटेत भेटली तेव्हा म्हणाली, “गुरुजी, माझं रडणं लई चांगलं लिवलंत. पर मी रडले न्हवते.” त्या दिवशी शाळेत मी काय शिकवले, देव जाणे.

परवा दक्षिण आफ्रिकेतील एका नाटकमंडळीविषयी वाचताना हे शल्य पुन्हा जागे झाले. मॅग्नेट थिएटर हे तिचे नाव. वर्णद्वेषी राजवट चालू असतानाच, १९८७ साली, मार्क फ्लाइशमन आणि जेनी रेझनेक यांनी ती उभी केली. पुढे केपटाऊन हे तिचे घर झाले. या मंडळींची भिस्त शब्दांपेक्षा देहावर अधिक. २००७ च्या ‘कार्गो’त त्यांनी केपमधले गुलाम रंगमंचावर आणले. त्या गुलामांत बंगाल-मलबारकडून नेलेली आपली माणसेही होती, हे आपल्यापैकी कितीजणांना ठाऊक असते? त्यांचे स्वतःचे शब्द कागदावर फारसे नाहीत. दप्तर आहे ते धन्यांचे. मग नटाने काय करावे? माझ्यासारखे रडणे कल्पावे, की निमूटपणे ओझे उचलून दाखवावे?

त्याआधी, २००६ साली, त्यांनी युद्धात घर जळालेल्या मायलेकींचे नाटक केले. दोघी आफ्रिका तुडवीत केपटाऊनला येतात. रंगमंचावर नट्या दोनच. बोलणे थोडे, आणि पुष्कळसे काम जोड्यांचे! पुढे दोनच वर्षांनी, २००८ मध्ये, त्या देशात परक्यांवर हल्ले झाले आणि साठाहून अधिक माणसे मेली.

तरी माझी शंका फिटत नाही. प्रयोग संपला की नटी घरी जाते. निर्वासित बाई कुठे जाते? टाळ्या मात्र तिच्या दुःखावर पडतात. मंडळींनी एक गोष्ट केली खरी: केपटाऊनच्या गरीब वस्त्यांतल्या तरुणांना हीच विद्या शिकवायला घेतली. ज्याचे जळते त्यानेच सांगावे. मी पेशाने मास्तर, आणि मला हे सुचू नये!

त्या बाईचा नातू यंदा माझ्या वर्गात आहे. ‘माझी आजी’ या निबंधात त्याने दोनच ओळी लिहिल्या: आजी पहाटे उठते. धरणाकडची खिडकी ती उघडत नाही.

तांबडी पेन्सिल हातात होती. वही तशीच मिटली.