इन्नंबूरचा हिशेबनीस

कुंभकोणमजवळ, कावेरीच्या उत्तरेस, इन्नंबूर नावाचे एक लहानसे गाव आहे. तेथील शिवालयातील देवाचे नाव एळुत्तरिनादर, म्हणजे अक्षरे जाणणारा नाथ. मुलाला वाचा यावी, त्याच्या हाताला अक्षराचे वळण लागावे म्हणून दूरदूरचे आईबाप लेकरांना घेऊन येथे येतात. या नावामागची कथा अशी सांगतात की, सुधन्मा नावाचा एक सेवक देवळाचा जमाखर्च लिहीत असे. चोळ राजाला त्या हिशेबाविषयी संशय आला आणि त्याने वह्या घेऊन हजर होण्याची आज्ञा केली. सुधन्मा भयभीत होऊन देवाला शरण गेला. पुढे तो वह्या घेऊन दरबारात पोचला, तेव्हा राजा म्हणाला, ‘अरे, तू तर येऊन सारे समजावून गेलास, माझा संशय फिटला.’ देवच कारकुनाचे रूप घेऊन राजापुढे उभा राहिला होता.

सरकारी नोकरीत असलेल्या कोणालाही ही कथा गोड वाटावी. खुलासा मागणारे पत्र हाती पडल्यावर, आपल्याऐवजी दुसऱ्या कोणीतरी साहेबांपुढे उभे राहावे, असे ज्याला क्षणभरही वाटले नाही असा कारकून निदान मला तरी भेटलेला नाही. मी या गावात भाड्याच्या घरात राहतो आणि रोज सकाळी बसने कुंभकोणमच्या कचेरीत जातो. कुळाने आणि विचारानेही मी ख्रिस्ती, मूळचा नगरकडचा. (२०२४ साली त्या जिल्ह्याचे नाव अहिल्यानगर झाले, पण जिभेचे वळण अजून जुनेच आहे.) तेव्हा शंकराच्या या कथेशी माझा संबंध काय, असे कोणी विचारील. तो संबंध सांगण्यासाठीच हा लेख लिहीत आहे. मात्र थोड्या आडवळणाने जावे लागेल.

आमच्या कचेरीत माझ्याखेरीज आणखी एकच मराठी माणूस आहे. ते मूळचे सातारकडचे, माझ्याहून वरिष्ठ, वाचनाचे व्यसनी आणि आगरकरांचे अभिमानी. देव त्यांनी विद्यार्थिदशेतच सोडला, असे ते कौतुकाने सांगतात. एकदा दुपारचा डबा खाताना त्यांनी मला विचारले, ‘अहो, एक सांगा. उद्या तुमची खात्री पटली की देव नाही, तर परवापासून तुम्ही खोटी बिले पास करू लागाल काय?’ मी म्हणालो, ‘नाही.’ ‘मग तो देव तुमच्या प्रामाणिकपणाच्या खात्यात कोणत्या सदराखाली दाखवायचा?’ एवढे बोलून त्यांनी दहीभाताकडे लक्ष वळवले. मला त्या दिवशी उत्तर सुचले नाही. चांगले उत्तर अजूनही सुचलेले नाही.

पूर्वीच्या काळी या प्रश्नाला तोंड देण्याची रीत वेगळी होती. बाबा पदमनजींनी ग्रंथांमागून ग्रंथ लिहिले. काशीत वाढलेल्या नीलकंठशास्त्री गोऱ्यांनी १८४८ साली बाप्तिस्मा घेतल्यावर षड्दर्शनांचे खंडन केले. त्या विद्वत्तेबद्दल मला अत्यंत आदर आहे. तरीही स्पष्ट सांगायचे तर त्यांच्या युक्तिवादांनी माझी श्रद्धा कधी बांधली गेली नाही आणि मोडलीही नाही. शिवाय त्यांचा प्रतिपक्षी श्रद्धावानच होता. नाकारणारे पुढे आले, तेही तळमळीचे होते. ज्या तमिळ देशात मी नोकरी करतो, तेथे पेरियार रामस्वामींनी १९२५ साली स्वाभिमानाची चळवळ सुरू केली, आणि २००६ साली श्रीरंगमच्या देवळासमोर त्यांचा पुतळा उभा राहिला. देवाशी भांडायला देवाच्या दारात जाऊन उभे राहणे, हादेखील त्याला गंभीरपणे घेण्याचाच एक प्रकार आहे. आजचा सुशिक्षित संशय भांडत नाही. तो म्हणतो, ‘तुमची श्रद्धा ही तुमची खाजगी बाब,’ आणि विषय बदलतो. माझ्या सातारकर स्नेह्यांचे उपकार असे की त्यांनी विषय बदलला नाही.

या प्रश्नाचा विचार करीत असताना मी एका रविवारी तंजावरला गेलो. कुंभकोणमहून तंजावर सुमारे चाळीस किलोमीटर. आपण मराठी माणसे तेथे जातो ती बृहदीश्वराच्या भिंतीवर १८०३ साली कोरलेला भोसल्यांचा मराठी इतिहास आणि सरस्वती महाल ग्रंथालय पाहावयास. त्याच शहरात शिवगंगा किल्ल्यातील देवळाला श्वार्ट्‌झ या जर्मन मिशनऱ्याचे नाव आहे. सरफोजी राजांनी लंडनच्या जॉन फ्लॅक्समन या शिल्पकाराकडून श्वार्ट्‌झच्या स्मरणार्थ करवून घेतलेले संगमरवरी शिल्प तेथे आहे. श्वार्ट्‌झ मृत्युशय्येवर आहे आणि राजा त्याचा हात हातात घेऊन उभा आहे, असे ते दृश्य. हा मनुष्य १७९८ च्या फेब्रुवारीत वारला. सरफोजीचा तो पालक होता. राजा मात्र अखेरपर्यंत हिंदूच राहिला. ज्याला वाढवले त्याचे मतांतर झाले नाही, म्हणून श्वार्ट्‌झचे काम फसले असे म्हणणाऱ्यांनी ते शिल्प एकदा पाहावे.

या श्वार्ट्‌झची एक हकीगत मला फार मोलाची वाटते. हैदरच्या स्वारीमुळे १७८१ च्या सुमारास तंजावरात अन्नाचा दुष्काळ पडला. किल्ल्यात धान्य आणण्यास बैल हवे होते, पण पूर्वी पैसे बुडाल्यामुळे रयत बैल देईना. पैसे मी देववीन, असा शब्द श्वार्ट्‌झने दिला, तेव्हा बैल आले आणि धान्यही आले. शेतकऱ्यांनी त्याच्या त्रैक्याच्या सिद्धांताची चौकशी केली नाही. त्यांनी एवढेच पाहिले की, या माणसाचा शब्द बुडाला तर तो प्रथम त्याला स्वतःलाच बुडवील. श्रद्धेचे याहून चांगले समर्थन मला ठाऊक नाही. आणि त्यात समर्थनाचा हेतूही नव्हता.

येथवर सारे सोपे आहे. अवघड आहे ती त्याच्या शिष्याची गोष्ट.

वेदनायगम शास्त्री हा तमिळ ख्रिस्ती कवी, जन्म १७७४. श्वार्ट्‌झने त्याला मुलगा असताना तंजावरला आणले. राजा सरफोजी आणि तो एकाच गुरूच्या हाताखाली वाढले. त्याने ख्रिस्तचरित्रावर ‘बेथलहेम कुरवंजी’ रचली. ती पाहून राजाने, तसेच एक काव्य बृहदीश्वरावर रच, अशी इच्छा व्यक्त केली आणि कवीने ती मानली नाही, असे त्याच्याविषयीच्या परंपरेत सांगतात. आश्रयदात्या राजाला, तेही बाळपणीच्या मित्राला, ‘नाही’ म्हणणे ही काही लहान गोष्ट नव्हे. माझ्या लहानपणी ही कथा मला कोणी सांगितली असती, तर मी ती उपासनेच्या वेळी साक्ष म्हणून उभा राहून सांगितली असती.

पण याच कवीचा दुसरा नकारही इतिहासात नोंदलेला आहे. तंजावरच्या मंडळीत वेल्लाळ जातीचे ख्रिस्ती एका बाजूला बसत आणि ज्यांना अस्पृश्य मानले जाई ते ख्रिस्ती दुसऱ्या बाजूला. श्वार्ट्‌झनेही हे चालू दिले होते. पुढे नव्या मिशनऱ्यांनी हा भेद मोडावयाचे ठरविले, तेव्हा १८२९ च्या सुमारास त्याविरुद्ध लेखणी उचलली ती वेल्लाळ वेदनायगम शास्त्र्यानेच. नव्या मिशनऱ्यांचे सारेच काही शहाणपणाचे होते असे नाही; फुलांवर आणि तमिळ गीतांवर त्यांनी घेतलेले आक्षेप मला क्षुद्र वाटतात, आणि तेथे कवीची बाजू खरी होती. परंतु जातीच्या बाबतीत तो चुकला. १८३३ साली बिशप विल्सनने मंडळीत जातिभेद चालणार नाही असे फर्मावले, तेव्हा तंजावरात पुष्कळांनी मंडळी सोडणे पत्करले, पण शेजारी बसणे पत्करले नाही.

मनुष्य तोच आणि करारीपणाही तोच. दोन्ही वेळा त्याची समजूत हीच असणार की आपण श्रद्धेचे रक्षण करीत आहोत. मग पहिल्या नकारापुढे मस्तक लवते आणि दुसऱ्यापुढे शरम वाटते, ती का? पुष्कळ दिवस हा प्रश्न घोळवल्यावर मला एकच फरक दिसला. पहिल्या नकाराची किंमत देण्याची तयारी त्याची स्वतःची होती. राजाची मर्जी गेली असती तर ती त्याची गेली असती. दुसऱ्या नकाराची किंमत देणार होते ते पलीकडच्या बाजूला बसणारे, ज्यांना कोणी विचारलेच नव्हते.

हीच कसोटी आपल्याकडच्या माणसांना लावून पाहण्याजोगी आहे. पंडिता रमाबाईंनी १८८३ साली इंग्लंडात वाँटेज येथे बाप्तिस्मा घेतला, पण बुद्धीला न पटणारे मत केवळ गुरुस्थानी असलेल्या भगिनी सांगतात म्हणून मान्य केले नाही. आणि पुण्यात शारदासदन चालवताना स्वकीयांचा रोषही सोसला. दोन्हीकडची किंमत बाईंनीच मोजली. तरी त्यांचे टीकाकार विचारीत की सदनातील विधवा मुलींचे काय, त्यांच्या धर्माचा निर्णय कोण घेतो. तो प्रश्न कितीही कडवटपणे विचारला गेला असला तरी गैर नव्हता. लक्ष्मीबाई टिळकांचे उदाहरण मला अधिक जवळचे वाटते. पतीने १८९५ साली धर्म बदलला, त्यांनी १९००त. मधली वर्षे त्यांनी सोवळ्याओवळ्याशी स्वतःच झगडून काढली आणि जातीचा भेद माणसाने केलेला आहे हे बाप्तिस्म्यापूर्वीच मनाशी ठरवले. ज्याचा त्याग करावयाचा ते त्यांनी स्वतःच्या ताटातून काढले, दुसऱ्याच्या नव्हे.

आता माझे स्वतःचे बिल.

काही वर्षांपूर्वी, दुसऱ्या एका कचेरीत असताना, तेथील एका वयस्क शिपायाने पत्नीच्या औषधोपचाराचे बिल माझ्याकडे दिले. एका पावतीवर तारखेत खाडाखोड होती आणि त्यावर डॉक्टरांची सही नव्हती. मी नियम दाखवून बिल परत केले. तो हात जोडून म्हणाला, ‘सार, डॉक्टरांच्याच हातून चुकले.’ मी ऐकले नाही. त्या रात्री प्रार्थना करताना मला स्वतःविषयी बरे वाटले, हे लिहिताना आज हात थबकतो. डॉक्टर तोवर ते रुग्णालय सोडून गेले होते. सही मिळून रक्कम हाती येईपर्यंत सात महिने गेले, आणि तेवढ्या काळात शिपायाने पत्नीच्या बांगड्या गहाण ठेवल्या. खाडाखोड डॉक्टरांचीच होती. मला एका फोनवर ती चौकशी करता आली असती. नियम त्याच्या आड येत नव्हता.

पुढे त्याची बदली कुंभकोणमला झाली आणि माझीही. सातारकर स्नेह्यांना हे कळले तेव्हा ते एवढेच म्हणाले, ‘म्हणजे तुमच्या श्रद्धेचा पाया त्या बाईच्या बांगड्यांवर होता म्हणायचा.’ मला राग आला. पुदिन्याचा आणि जिऱ्याचा दशमांश चोख देणाऱ्या, पण न्याय आणि दया विसरणाऱ्या शास्त्र्यांना येशूने जे सुनावले, ते मी शेकडो वेळा वाचले होते. ते मला उद्देशून आहे, हे दाखवायला मात्र देव न मानणारा माणूस लागला. तेव्हापासून माझे मत असे झाले आहे की, संशयी मनुष्य हा श्रद्धावानाचा लेखापरीक्षक आहे. त्याच्या आक्षेपावर चिडणे हे आपले जमाखर्च नीट नसल्याचे लक्षण समजावे.

त्यानंतरचा रविवार प्रभुभोजनाचा होता. उपासना तमिळमध्ये होती. मला त्यातील अर्धीअधिक कळत नाही. पण वेदीपाशी दान घेऊन आलेल्याला, तुझ्या भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही असेल तर दान तेथेच ठेवून आधी त्याच्याकडे जा, असे सांगितलेले आहे, ते कळण्यास तमिळ यावे लागत नाही. मी पंक्तीत न जाता बाहेर पडलो आणि शिपायाच्या घरी गेलो. काय बोललो ते धड आठवत नाही. त्याने मला बसावयास खुर्ची दिली आणि त्याच्या पत्नीने कॉफी आणली. हातात बांगड्या होत्या.

दुसऱ्या दिवशी हे मी स्नेह्यांना सांगितले आणि म्हणालो, ‘देव या सदराखाली दाखवावा.’ ते म्हणाले, ‘मी तुमच्या जागी असतो तर मीही गेलो असतो, आणि चर्चमधून निघावे लागले नसते.’ हे खरे आहे. ते गेलेच असते. त्यांचा स्वभाव मला ठाऊक आहे. त्यामुळे माझ्या जाण्याने देवाविषयी काही सिद्ध झाले असे मी म्हणत नाही. मी गेलो तो मात्र त्याने पाठवले म्हणून गेलो, एवढेच माझ्यापुरते मला नक्की सांगता येते. राजाच्या संशयापुढे हिशेबनिसाचे रूप घेऊन उभ्या राहणाऱ्या देवाची येथली कथा मी ऐकली, तेव्हा मला आमच्याच शुभवर्तमानाचे काहीतरी आठवले. आणि त्याच वेळी हेही जाणवले की त्या कथेत मी सुधन्मा नव्हतो, राजा होतो.

गेल्या विजयादशमीच्या आधी तो शिपाई माझ्याकडे आला. नातवाला इन्नंबूरच्या देवळात पहिले अक्षर गिरवावयाचे होते. ‘सार, तुम्ही लिहिणारे माणूस, तांदळाचे ताट तुम्ही धरावे,’ असे तो म्हणाला. मी उत्तर दुसऱ्या दिवशी देतो असे सांगितले आणि रात्रभर वेदनायगम शास्त्र्याच्या पहिल्या नकाराचा विचार करीत पडलो. सकाळी होकार कळवला. देवळात मी गाभाऱ्यापुढे गेलो नाही, हात जोडले नाहीत, विभूती लावली नाही. म्हाताऱ्याने ते आधीच ओळखले असावे. पुजाऱ्याच्या कानाशी लागून त्याने काहीतरी सांगितले आणि तो माझ्यावरून पुढे गेला. मी मंडपाच्या एका खांबाशी मांडी घालून बसलो आणि ताट धरले. मुलाचे बोट धरून आजोबांनी ‘अ’ काढला. मुलगा हसला, त्याने दोन्ही हातांनी अक्षर पुसून टाकले, आणि अर्धे तांदूळ माझ्या विजारीवर सांडले.